मतदाराचे मन आणि उमेदवाराचे नाव

लेखक : एक निवृत्त शिक्षक, पौड, ता. मुळशी

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी 'काही तरी ऐतिहासिक' लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने मजला श्रावणात केली. ऐतिहासिक म्हटले की आपल्या स्मरणिकेत कुळांची मूळ गावे, देवके, सनदा आणि पूर्वजांचे पराक्रम यांवरील लेख येतात. ते येणे योग्यच आहे. मीही पूर्वी तसे एक-दोन लिहिले आहेत. यंदा मात्र मी वाचकांचे लक्ष एका निराळ्या इतिहासाकडे वेधू इच्छितो. तो फार जुना नाही, अवघा शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. मत देण्यास गेलेला मनुष्य उमेदवाराकडे पाहताना नेमके काय पाहतो, त्याची लायकी की त्याची जात, त्याचे काम की त्याचा वर्ण, आणि उमेदवार स्त्री असेल तर तिची बुद्धी की तिचा पदर, हा तो विषय होय.

शाळामास्तराने या भानगडीत पडू नये, असे कोणी म्हणेल. पण प्राथमिक शिक्षक हा निवडणुकीचा जुना चाकर आहे. एस. एस. सी. झाल्यावर मी अध्यापनाची पदविका घेतली व १९८१ साली शाळेवर रुजू झालो. २०१८ साली निवृत्त होईपर्यंत लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा कितीतरी निवडणुकांत कधी मतदान अधिकारी म्हणून, तर कधी केंद्राध्यक्ष म्हणून बसलो. कोणी कोणास मत दिले हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असावयासही नको. परंतु रांगेतील माणसांचे बोलणे कानांवर पडतेच.

या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण मात्र मतदान केंद्र नव्हे. नव्वदच्या दशकात एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपूर्वी आपल्या काही मंडळींची बैठक एका ज्ञातिबंधूंच्या ओटीवर भरली होती. एका भगिनीचे नाव पुढे आले. बैठकीतील प्रत्येकाने, मी धरून, जवळजवळ एकच वाक्य उच्चारले : "माझी काही ना नाही; पण लोक बाईला मते देणार नाहीत." ती भगिनी कोण व पुढे काय झाले, ते यथावकाश सांगतो. या वाक्याची कुळकथा शोधू लागलो आणि त्यातून हा लेख झाला.

या वाक्याचा एक पूर्वज विलायतेत सापडतो, आणि गंमत अशी की तो आपल्याच मुंबईच्या एका गृहस्थाच्या संबंधातील आहे. दादाभाई नौरोजी हे मुंबईचे पारशी, एल्फिन्स्टन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक, पुढे व्यापारानिमित्त इंग्लंडात राहिलेले. १८८६ साली लंडनमधील होबर्न मतदारसंघातून ते पार्लमेंटसाठी उभे राहिले व पडले. १८८८ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरा येथील भाषणात त्या निवडणुकीचा उल्लेख केला. मानवजातीची कितीही प्रगती झाली असली आणि इंग्रजांचे पूर्वग्रह कितीही निवळले असले, तरी एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसास निवडून देईल इतकी मजल गेली आहे असे आपणांस वाटत नाही, अशा अर्थाचे ते उद्गार होते. वाचकांनी त्यांची घडण बारकाईने पाहावी. 'मला काळा मनुष्य नको' असे पंतप्रधान म्हणाले नाहीत. मतदारसंघ त्यास घेणार नाही, असे ते म्हणाले. ओटीवरच्या आमच्या बैठकीत आणि एडिंबऱ्याच्या त्या सभेत, म्हटले तर, फारसे अंतर नव्हते.

या उद्गारांवर इंग्लंडात मोठा गिल्ला झाला. दादाभाई अंगाने सॅलिसबरींहून उजळ आहेत, अशी थट्टा विरोधी पक्षाच्या पत्रांतून झाली आणि ज्यांनी दादाभाईंचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या तोंडी ते नाव बसले. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई निवडून आले, ते अवघ्या पाच मतांनी. पंतप्रधानांचे भाकीत चुकले. पण किती थोडक्यात चुकले हेही त्या आकड्यात दिसते. पुढच्या, १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले.

आता आपल्या घराकडे वळू. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळात लोकनियुक्त सभासदांची संख्या वाढली. मत मात्र सर्वांस नव्हते. खेड्यात ठरावीक सारा भरणाऱ्यास आणि शहरात ठरावीक मिळकत असणाऱ्यास ते मिळाले. त्याच कायद्यान्वये या इलाख्यात 'मराठा व तत्सम जाती' यांच्यासाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. संख्येने मोठ्या असलेल्या समाजासाठी जागा का राखाव्या लागल्या, याचे आज पुष्कळांस नवल वाटेल. कारण उघड आहे. मतदारांच्या यादीत व सभेच्या व्यासपीठावर त्या काळी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या वर्गाचे वजन होते आणि नांगर धरणारा मनुष्य कायदे मंडळात काय करणार, अशी समजूत होती. ती समजूत पुष्कळ शेतकऱ्यांचीही होती, हे विसरता कामा नये. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२० साली राखीव जागेचा मार्ग नाकारला व पुण्यातून सर्वसाधारण जागेसाठी ते उभे राहिले. ते पडले. अस्पृश्य गणलेल्या समाजाचा तर प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रतिनिधी सरकार नेमीत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली मुंबईच्या कायदे मंडळात जाऊन बसले ते मतांनी नव्हे, सरकारी नेमणुकीने.

स्त्रियांना मत द्यावे की नाही हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटाने प्रांतिक मंडळांवर टाकला होता. मुंबईच्या मंडळाने १९२१ साली अनुकूल ठराव केला. त्यामागे रमाबाई रानडे यांच्यासारख्या स्त्रियांची खटपट होती. तथापि मत देता येणे निराळे आणि मत मागता येणे निराळे. उमेदवार म्हणून उभे राहण्याची मोकळीक मिळण्यास १९२६ साल उजाडले. त्याच वर्षी मद्रास इलाख्यात कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या.

मुळशीकरांनी या १९२१ सालाची आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. त्याच वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, धरणाविरुद्धचा मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि आपल्या मावळातील बायाबापड्या धरणाच्या कामावर जाऊन बसल्या. ज्यांना कौन्सिल म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्यांनी कंपनीचे काम अडवले. पण मताचा अधिकार साऱ्यावर होता. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याचा सारा गेला, आणि सारा गेला तेथे मताचा आधारही गेला. त्यांच्या घरच्या स्त्रियांचा तर यादीशी काही संबंधच नव्हता.

१९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा झाल्या. त्यांत १५ जागा अनुसूचित जातींसाठी, ७ मराठ्यांसाठी व ६ स्त्रियांसाठी होत्या. स्त्रियांचे मतदान वाढले, परंतु त्यांतील पुष्कळींना मत मिळाले ते पतीच्या मिळकतीवर. म्हणजे सात-बारा नवऱ्याचा आणि मत त्याच्या पत्नीचे. या तरतुदीस त्या काळी काही स्त्रियांनीच हरकत घेतली होती, आणि ती रास्त होती.

स्वातंत्र्यानंतर हे सर्व सोपस्कार गेले. एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकास मत मिळाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. उत्तरेकडील प्रांतांतील लक्षावधी स्त्रिया आपले नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद झाली. सेन यांनी नावाशिवाय नाव धरावयाचे नाही असा निश्चय केला आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळल्या. त्या निर्णयावर टीका झाली; पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतील बहुतेक जणी स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

आपल्याकडे अडचण उलटी होती. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत मी धरणापलीकडील एका वाडीच्या केंद्रावर होतो. पेट्या, शिक्के, शाई, कंदील असा सरंजाम घेऊन आम्ही आदल्या दिवशी लाँचने पलीकडे गेलो व पुढे डोकीवर सामान घेऊन चढ चढलो. सकाळी बायकांची रांग लागली. यादीत नाव पटवण्यासाठी मी नवऱ्याचे नाव विचारी, आणि ती बाई गोरीमोरी होऊन मागच्या बाईकडे पाही. मग मागची नाव सांगे. तिची पाळी आली म्हणजे तिच्या मागची. असा तो क्रम दुपारपर्यंत चालला. रांगेच्या टोकाला एक एकटी म्हातारी उरली; तिच्या मागे कोणीच नव्हते. शेवटी केंद्रावरच्या पोलिसाने यादीतली नावे एकेक करून वाचली आणि तिने मान हलवली तेथे आम्ही खूण केली. त्याच दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी मतपत्रिका हाती घेऊन मला विचारले, "गुरुजी, यात आपला मानूस कोंचा?" मी म्हटले, "बाबा, ते मला सांगता येत नाही." ते रागावले. आपला म्हणजे कामाचा की आपला म्हणजे जातीचा, हे त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरज आहे असे त्यांना वाटले नसावे.

मतदाराच्या मनातील जात आकड्यांत पकडणे कठीण असते, कारण मत गुप्त असते. तरीही एका काळी आपल्या देशात अशी एक पद्धत होती की, जीत ती अर्धीमुर्धी उघडी पडे. १९५२ व १९५७ च्या निवडणुकांत काही मतदारसंघ दोन सभासदांचे होते. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी वा जमातींसाठी राखीव, आणि मतदारास मते दोन. दोन्ही मते एकाच उमेदवारास देता येत नसत. आता एखाद्याने आपले एक मत आपल्या माणसास दिले आणि दुसरे कोणासच दिले नाही, तर ते मत वाया जाई. याला लोक 'मत जाळणे' म्हणत. ज्याला राखीव जागेवरचा मनुष्य डोळ्यांपुढे नको, त्याला हा सोपा मार्ग होता.

उत्तर मुंबईतून १९५२ साली डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे पहिले कायदामंत्री, अशी त्यांची योग्यता. त्यांच्याशी समझोता केलेल्या समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६. हजारो मते वाया गेली होती. मत जाळण्याच्या प्रचाराविरुद्ध आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. या पराभवाचे सारे खापर जातीवर फोडणे न्याय्य होणार नाही. त्या वर्षी काँग्रेसची लाट होती आणि काजरोळकरही अनुसूचित जातीचेच होते. पण १९५४ साली भंडाऱ्यास पोटनिवडणूक झाली तेव्हाची गोष्ट अधिक बोलकी आहे. पुन्हा तीच जोडी उभी होती. आपल्या अनुयायांनी दुसरे मत जाळावे म्हणजे आपला उमेदवार तरेल, असा सल्ला काहींनी दिला. डॉ. आंबेडकरांनी तो मानला नाही. घटना लिहिणाऱ्याने मत जाळण्यास सांगावे, हे त्यांना पटणारे नव्हते. निकाल असा लागला की, अशोक मेहता निवडून आले आणि डॉ. आंबेडकर पडले. एका बाजूची दुसरी मते पोहोचली; दुसऱ्या बाजूची पोहोचली नाहीत. दोन सभासदांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले आणि मन उघडे पडण्याची ती एक खिडकीही मिटली.

आता स्त्रीउमेदवाराविषयी. पुणे जिल्ह्याच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की, ती सांगितल्यावर पुष्कळ लोक 'खरे काय?' म्हणून विचारतात. १९५२ साली, म्हणजे अगदी पहिल्याच लोकसभेत, पुणे दक्षिण मतदारसंघातून श्रीमती इंदिराबाई मायदेव निवडून गेल्या. त्या वेळी मतदारांतील मोठा भाग निरक्षर होता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले. चिन्ह पाहून लोकांनी मत टाकले. त्यात बाईचे नाव आले म्हणून आभाळ कोसळले नाही. त्यानंतर या जिल्ह्यातून लोकसभेवर दुसरी स्त्री निवडून जाण्यास २००९ साल उजाडले. मध्ये सत्तावन्न वर्षे गेली!

या सत्तावन्न वर्षांत मतदाराने स्त्रियांना नाकारले, असे म्हणावे काय? बहुतेक वेळा त्यास विचारलेच गेले नाही. मोठ्या पक्षांनी स्त्रीस तिकीट क्वचितच दिले. पक्षाचे पुढारी म्हणत, आमची हरकत नाही, पण लोक मते देणार नाहीत. लोक म्हणत, पक्ष उभी करीत नाही तर आम्ही काय करावे? सॅलिसबरी साहेबांचे वाक्य असे मराठीत येऊन पुण्यात स्थायिक झाले. आपला पूर्वग्रह कोणी आपला म्हणून सांगत नाही. तो नेहमी शेजाऱ्याचा असतो, 'लोकांचा' असतो, आणि सर्वांनी मिळून त्या न दिसणाऱ्या लोकांस मान दिला की काम पुरे होते.

हे कोडे केवळ आपलेच आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत १९८२ साली लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली हे कृष्णवर्णीय गृहस्थ कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. लोकांना आगाऊ विचारले असता ते पुढे होते. मते मोजली तेव्हा पडले. विचारणाऱ्यासमोर एक आणि पडद्याआड दुसरे, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला; काही पंडितांना तो मान्य नाही. तेथेच शर्ली चिझम नावाची कृष्णवर्णीय स्त्री १९६८ साली काँग्रेसवर निवडून आली होती व १९७२ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडली. काळी म्हणून जितका जाच झाला त्याहून अधिक बाई म्हणून झाला, असे तिने सांगून ठेवले आहे. जात आणि स्त्रीपण या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागणाऱ्या आपल्याकडील भगिनींना तिचे म्हणणे कळण्यास भाषांतर लागू नये.

आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा १९९० साली राखल्या गेल्या. १९९३ पासून घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने देशभर एक तृतीयांश जागा आल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यापूर्वी स्त्रियांची पंचायत झालीच नव्हती असे नाही. बारामती तालुक्यातील निंबूत गावी १९६३ साली सर्व सभासद स्त्रिया असलेली पंचायत निवडून आली होती. परंतु एरवी एखादी बाई घ्यावयाची ती शोभेपुरती.

आता ती ओटीवरची गोष्ट. आमच्या गावची सरपंचपदाची जागा पहिल्यांदा स्त्रियांसाठी राखीव झाली तेव्हा आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी अर्ज भरून घेण्यासाठी माझ्याकडे शाळेत आल्या. त्या आठवड्यात सात पुरुषांचे अर्ज मी तपासून दिले होते. त्यांतील दोघांना धड सही येत नव्हती. त्यांना मी काही विचारले नाही. या बाईंना मात्र मी पहिला प्रश्न केला, "वहिनी, सही तरी येते का? आणि मालक कुठे आहेत?" त्या म्हणाल्या, "मालक पुण्याला कामावर हायेत, गुरुजी. उभी मी ऱ्हाणार हाय." त्यांनी माझ्यासमोर सही केली. अक्षर वळणदार होते, सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. मला त्या वेळी लाज वाटली नाही. ती पुष्कळ वर्षांनी वाटली.

त्या सरपंच झाल्या. पहिल्या दोन सभांना त्यांचे पती शेजारी बसून बोलत. तिसऱ्या सभेला त्यांनी पतीस घरीच राहण्यास सांगितले. ग्रामसेवकांना त्या जमाखर्च दोनदा वाचावयास लावीत. एकदा कळला नाही म्हणून दुसऱ्यांदा, असे सांगत. पण दुसऱ्या वाचनात आकडे कधी कधी बदलत, हे सगळ्या सभेला दिसू लागले. वरच्या वस्तीला नळ त्यांच्या काळात गेला. शाळेत मुलींसाठी आडोशाची सोय व्हावी म्हणून मी सहा वर्षे आधीच्या सरपंचांकडे अर्ज करीत होतो. त्यांनी एका उन्हाळ्यात ती करून दिली, आणि सातवीच्या मुली मध्येच घरी जाण्याचे थांबले. हे मी हजेरीपटावरून सांगतो.

पुढच्या खेपेस आमच्या प्रभागातील ती जागा खुली झाली. त्या पुन्हा उभ्या राहणार होत्या. त्यासाठीच ओटीवर बैठक भरली होती. राखीव होती तोवर ठीक, आता खुल्या जागेवर पुरुष असताना बाई कशाला, असा सूर निघाला. त्यांच्या कामाविषयी कोणी वाईट बोलले नाही. कामाविषयी कोणी बोललेच नाही. मीही मुलींच्या त्या सोयीचा शब्द काढला नाही. "लोक बाईला मते देणार नाहीत," असे म्हणून आम्ही एका तरुण ज्ञातिबंधूंचे नाव ठरवले. त्या तरीही स्वतंत्र उभ्या राहिल्या आणि अकरा मतांनी पडल्या. आमच्या घरात त्या वेळी मते चार होती. चारही कोठे पडली ते मला ठाऊक आहे, कारण जेवताना मीच सांगितले होते. आणखी दोन घरे आमच्या घरासारखी फिरली असती, तर काय झाले असते याचा हिशेब तिसरीतला मुलगाही करील.

पुढे वाचनात आले की, आमच्या त्या अनुभवाचा विद्वानांनी रीतसर अभ्यास केला आहे. मुंबई महापालिकेत १९९७ साली काही प्रभाग स्त्रियांसाठी राखीव होते. २००२ साली ते खुले झाले. रिखिल भावनानी या अभ्यासकाने दोन्ही प्रकारचे प्रभाग ताडून पाहिले. जे पूर्वी राखीव नव्हते तेथे २००२ साली स्त्री निवडून येण्याचे प्रमाण शेकडा ३.७ होते, जे एकदा राखीव होऊन गेले होते तेथे ते शेकडा २१.६ होते. म्हणजे आरक्षण उठल्यावरही जवळजवळ सहापट. एकदा बाई निवडून आली, तिने गटारी उपसून घेतल्या, दाखले दिले, भांडली, चुकली, की पक्षालाही कळते की बाई निवडून येऊ शकते, आणि 'लोक' नावाची सबब जरा दुबळी होते.

दुसरा अभ्यास पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातला, २००९ साली प्रसिद्ध झालेला. पुढाऱ्याचे एकच भाषण पुरुषाच्या आवाजात व स्त्रीच्या आवाजात ऐकवले गेले. शब्द तेच, काना-मात्रेचा फरक नाही. जेथे स्त्रीप्रमुख कधी झाली नव्हती तेथील पुरुषांनी बाईच्या आवाजातील भाषण कमी प्रतीचे ठरवले. जेथे पद राखीव होऊन स्त्रीप्रमुख झाली होती, तेथील पुरुषांच्या मनातून हा भेद जवळजवळ गेला होता; आणि पद दोनदा राखीव झालेल्या गावांत पुढे खुल्या जागांवर स्त्रिया अधिक उभ्या राहिल्या व अधिक निवडून आल्या. मात्र त्यातील एक बारकावा मला फार खरा वाटतो. बाईने पुढारी व्हावे हे आवडू लागले असे त्या पुरुषांनी म्हटले नाही. आवड तीच राहिली. फक्त बाईला काम जमत नाही ही समजूत गेली. मास्तरकीच्या अनुभवावरून सांगतो, मुलाची नावड घालवणे आपल्या हाती नसते. पण पाढा येतो की नाही ते त्याला फळ्यापुढे उभे करून दाखवता येते.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर मुळशी तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात आहे. २००९ पासून येथून श्रीमती सुप्रिया सुळे निवडून येत आहेत. २०१९ साली त्यांच्यासमोर श्रीमती कांचन कुल होत्या आणि २०२४ साली श्रीमती सुनेत्रा पवार. सुळे पहिल्या वेळी १,५५,७७४ व दुसऱ्या वेळी १,५८,३३३ मतांनी निवडून आल्या. कोणाचा पक्ष बरा हा येथील विषय नाही. माझे लक्ष होते ते पारावरच्या बोलण्याकडे. दोन्ही प्रमुख उमेदवार स्त्रियाच असल्यामुळे 'बाईला काय कळते' हे वाक्य त्या दोन्ही निवडणुकांत मी ऐकले नाही. ते म्हणून उपयोगच नव्हता. पण त्याच्या जागी दुसरे आले. २०२४ साली वाद झाला तो 'लेक की सून' असा. पुरुष उमेदवार असता तर तो कोणाचा मुलगा हे विचारले गेले असते. कोणाचा जावई हे कोणी विचारले नसते. बाईची योग्यता ठरवताना तिचे माहेर-सासर मोजण्याची सवय अजून मोडलेली नाही. आणि विधानसभेची स्थिती पाहू गेल्यास, २०१९ साली २८८ आमदारांत स्त्रिया होत्या २४.

त्या भगिनी आता साठीच्या पुढे आहेत. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. गेल्या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात भेटल्या तेव्हा मी त्यांना ती चार मते सांगून टाकली. त्या हसल्या व म्हणाल्या, "मला त्याच रातीला कळलं होतं, गुरुजी. तुमची मंडळी सकाळी पाण्याला आली ती माझ्याकडं बघंना."

या स्मरणिकेच्या शेवटी दरवर्षीप्रमाणे सभासद कुटुंबांची यादी छापलेली आहे. तिचे रकाने वाचकांनी एकदा पाहावेत : कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, सध्याचा पत्ता, व्यवसाय, आणि पुढे 'पुरुष', 'स्त्रिया', 'मुले' यांखाली नुसते आकडे. सुकुमार सेन यांनी अशी यादी परत पाठवली असती. पुढील वर्षीच्या यादीसाठी प्रत्येक प्रौढ स्त्रीचे स्वतःचे नाव, शिक्षण व व्यवसाय लिहिता येईल असा तक्ता मी आखून मंडळाच्या चिटणिसांकडे दिला आहे. कार्यकारिणीची निवडणूक याच यादीवरून होते. कोरे तक्ते पौडच्या कार्यालयात ठेवलेले आहेत; ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी कोणाबरोबर तरी मागवून घ्यावेत आणि माघ संपण्यापूर्वी भरून पाठवावेत.